गाडीला जोड : घरी, दुकानात की शोरूममध्ये

नवी मोटार ठरली की शोरूममध्ये किमतीच्या कागदामागून आणखी एक कागद पुढे येतो. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, काचेवरचे व्हायजर, रिव्हर्स कॅमेरा, जोडहॉर्न, फॉग लॅम्प, टचस्क्रीन अशी त्यावर यादी असते आणि प्रत्येक वस्तूपुढे दर. हेच सामान बाहेर स्वस्त मिळते हे ग्राहकाला ठाऊक असते. बाहेर बसवले तर वॉरंटी जाईल, असे सेल्समन बजावतो. आणि सोबत आलेला मेव्हणा म्हणतो, यातले निम्मे तर रविवारी घरीच बसवून टाकू. तिघांचेही थोडे थोडे खरे असते. कोणत्या वस्तूबाबत कोणाचे खरे, एवढे ठरवायचे असते.

गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिला लावल्या जाणाऱ्या, पण गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कोणी बाजारात आणलेल्या भागांना व्यापारात आफ्टरमार्केट म्हणतात. कंपनीच्या शिक्क्याच्या ‘जेन्युइन ॲक्सेसरीज’ वेगळ्या. त्याही पुष्कळदा बाहेरच्या पुरवठादाराने बनवलेल्या असतात, पण त्या त्या मॉडेलवर बसतील याची हमी कंपनीने घेतलेली असते, आणि किमतीतला बराचसा फरक या हमीचा असतो. बसवून घेण्याची ठिकाणे तीन : घरचे पार्किंग, ॲक्सेसरीचे दुकान आणि अधिकृत डीलर. परदेशी पुस्तकांत या विषयाची मांडणी बहुधा ‘स्वतः की डीलर’ अशी दोनच बाजूंनी केलेली असते. भारतात मुंबईतला कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचे काश्मिरी गेट पाहिलेल्या कोणालाही ती अपुरी वाटेल. इथला खरा कारागीर दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरी ओढणारा फिटर आहे, आणि डीलर व घर या दोन्हींची तुलना त्याच्याशी करावी लागते.

किंमत, वेळ, हाताची सफाई या गोष्टी नंतरच्या. आधी पाहायचे ते हे की वस्तू गाडीत किती खोल शिरते. काही वस्तू नुसत्या ठेवायच्या किंवा अडकवायच्या असतात. काही मूळच्याच भोकांत, मूळच्याच स्क्रूने बसतात. काही तयार कपलरमध्ये खुपसल्या की चालू होतात. त्यांच्या पलीकडे वायर कापून किंवा बंपरला भोक पाडून बसणाऱ्या वस्तू येतात, आणि सर्वांत आत ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग व इंधन यांना हात घालणाऱ्या. उद्या काढून टाकले तर गाडी होती तशी होईल का, हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तोवर घरी हात घालायला फारशी हरकत नाही. ‘नाही’ असेल तर जोडणारा माणूस जाणकार हवा आणि तो उद्या सापडणाराही हवा.

सगळ्यांत साधी वस्तू म्हणजे पायाखालची मॅट. ती बसवायला कोणी फिटर शोधत नाही. तरीही मोटारीच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या अपघातांपैकी एक मॅटमुळे झाला. २००९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ, सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीच्या बदल्यात डीलरकडून तात्पुरत्या मिळालेल्या एका लेक्सस सेडानचा ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीत अडकला आणि आतले चौघेही दगावले. तपासात आढळले की गाडीत त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि पॅडल तिच्या कडेखाली अडकले होते. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या मॅटच्या कारणावरून परत बोलावल्या. डीलरने बसवले म्हणजे बरोबरच बसले असे या घटनेनंतर कोणी म्हणू नये. मॅट त्याच मॉडेलची हवी, ड्रायव्हरच्या बाजूच्या हुकात अडकलेली हवी आणि एकीवर दुसरी घातलेली नको. पावसाळ्यात मूळच्या मॅटवर रबरी मॅट टाकायची सवय महाराष्ट्रात घरोघरी आहे. पॅडल पूर्ण दाबून ते मोकळे परत येते की नाही हे पाहायला एक मिनिटही लागत नाही.

सीट कव्हर हीदेखील निरुपद्रवी वाटणारी वस्तू. पण ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग असतात त्यांच्या पुढच्या सीटच्या पाठीत, दरवाजाकडच्या कडेला, ती पिशवी घडी घालून ठेवलेली असते. टक्कर झाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती शिवण फाडून बाहेर यावी लागते. जाड रेक्झिनचे, सगळीकडून दुहेरी टाक्याने शिवलेले कव्हर त्या वाटेत आले तर पिशवी उशिरा किंवा वाकडी उघडते. अशा सीटवर शिवणीजवळ ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी असते. तिथे चालणाऱ्या कव्हरची ती कड मुद्दाम कच्च्या धाग्याने शिवलेली असते किंवा मोकळी सोडलेली असते. दुकानात कव्हर चढवण्याआधी ही कड उलटून पाहावी. ‘सगळ्या गाड्यांना हेच बसते’ असे सांगणाऱ्याकडून ते घेऊ नये.

विजेचे काम हा या विषयाचा गाभा आहे, कारण बाहेर बसवलेल्या सामानातून निघणाऱ्या बहुतेक तक्रारी वायरिंगच्या असतात. जुन्या गाड्यांचे उदाहरण समजायला सोपे जाते. त्यांच्या हेडलाइटमध्ये एच-४ जातीचा बल्ब असतो. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. बाजारात त्याच टोपणाचा १००/९० वॅटचा बल्ब मिळतो आणि तो तसाच बसतो. बसतो, हीच अडचण आहे. दोन्ही दिवे अप्परवर असताना मूळ बल्ब १२ व्होल्टला १० अँपिअर ओढतात, नवे सुमारे पावणेसतरा. प्रवाह दीडपटीहून थोडा वाढला, पण वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. स्टिअरिंगजवळचा स्विच, त्याचे कपलर आणि बारीक वायर हे १० अँपिअरच्या हिशेबाने बनवलेले असतात. पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही. मग कपलरचे प्लास्टिक पिवळे पडते, मऊ होते, आणि एका रात्री घाटात दोन्ही दिवे एकदम जातात.

याला उपाय रिलेचा. रिले म्हणजे स्विचने चालणारा दुसरा स्विच. जुन्या वायरीतून फक्त रिले चालू करण्यापुरता थोडा प्रवाह जातो, आणि दिव्याला लागणारा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, थेट येतो. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जोडहॉर्न लावतानाही रिले टाकतो. घाईतला फिटर मूळ हॉर्नच्या वायरीला दोन टोके पिळून वर काळी टेप गुंडाळतो. ही टेप बॉनेटखालच्या उष्णतेने सुटते, तिचा डिंक वितळतो आणि पहिल्या पावसात जोड हिरवा पडतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, म्हणजे पुढे कुठे वायर घासून पत्र्याला टेकली तरी तो उडून आग थांबते. फ्यूजचे रंग ठरलेले असतात : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज वारंवार उडतो म्हणून लालच्या जागी हिरवा घालून देणारा फिटर तक्रार मिटवत नाही. ती वायरीपर्यंत पोचवतो.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घातला तर वीज कमी लागते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. तिथला प्रश्न प्रकाशाचा. रिफ्लेक्टरचा बाक हॅलोजनची तार नेमकी कुठे असेल हे धरून काढलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागेपासून किंचित जरी सरकलेल्या असल्या तरी डिपरची रेषा फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येतो. बसवायला दहा मिनिटांचे, घरच्या घरी होणारे हे काम. पण नंतर समोरच्या भिंतीवर प्रकाश टाकून त्याची रेषा पाहिल्याखेरीज ते पुरे झाले असे म्हणता येत नाही.

नव्या गाड्यांत वायर कापण्याचा धोका वेगळा आहे. एकाच जोडीच्या तारांवरून अनेक संगणक एकमेकांशी बोलत असतात. दिव्याच्या वायरीतून जोड काढला की गाडीला तो दोष वाटू शकतो आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. म्हणून टचस्क्रीन घ्यायची तर त्या मॉडेलच्या तयार कपलरसह घ्यावी. कपलर थोडा महाग पडतो, पण मूळ वायरिंगला कात्री लागत नाही आणि स्टिअरिंगवरची बटणेही चालू राहतात. फिटरने कात्री हातात घेतली की त्याला तिथेच थांबवून कपलर मिळतो का हे विचारावे. या एका प्रश्नावरून दुकान कसे आहे ते कळते.

घरी करता येण्यासारख्या कामांत रिव्हर्स सेन्सर हे सीमेवरचे काम आहे. १ जुलै २०१९पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे ही गरज आता मुख्यतः त्याआधीच्या गाड्यांची. किटमध्ये चार सेन्सर, एक छोटी पेटी, एक बीपर आणि ड्रिलला लावायचा साधारण २२ मिलिमीटरचा गोल कटर असतो. सेन्सर जमिनीपासून अर्धा ते पाऊण मीटर उंचीवर यावे लागतात. खाली गेले तर रस्त्याचाच उंचवटा त्यांना अडथळा वाटतो. बंपरवर मास्किंग टेप लावायची, चारही जागा मोजून पेन्सिलने खुणा करायच्या, बंपरच्या मागे लोखंडी पट्टी नाही ना हे खालून हात घालून चाचपायचे आणि मग आधी बारीक ड्रिलने, नंतर कटरने भोक पाडायचे. सेन्सरच्या पाठीवर वरच्या बाजूची खूण असते. ती उलटी बसली तर बीपर विनाकारण ओरडत राहतो. वायरी डिकीच्या रबरी बुचातून आत घेऊन पेटीची तांबडी वायर रिव्हर्स दिव्याला जोडली की काम झाले. सवयीच्या हाताला दीड तास, पहिल्यांदाच करणाऱ्याला आख्खा रविवार. ड्रिलचा भाग ज्याला धास्तीचा वाटतो त्याने दुकानात जावे. बंपरला पाचवे भोक पाडले की वाचलेली मजुरी रंगाच्या बिलात जाते.

डॅशकॅम त्या मानाने सोपा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवायचा असेल तर वायर फक्त छताच्या अस्तराच्या कडेत दाबत न्यायची असते. मात्र पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावरून खाली येताना जपावे लागते. ज्या गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग उघडते तिथे वायर तिच्यावरून न नेता मागून न्यावी लागते, नाहीतर पिशवी उघडताना वायर तिला आडवी येते. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळे असतात. घरी काम करताना पिवळे दिसले की हात मागे घ्यावा. स्टिअरिंग बदलणे, सीट पूर्ण काढणे, एअरबॅगजवळचे पॅनेल उघडणे ही कामे अधिकृत सर्व्हिस सेंटरचीच. त्यांच्याकडे बॅटरी सोडल्यावर किती वेळ थांबायचे याची सूचना असते आणि नंतर दोष तपासायचे यंत्रही.

टायर आणि चाकांचा प्रकार निराळा आहे. ते काम घरी होत नाही, आणि डीलरकडेही बहुधा टायरवाल्याइतकी निवड नसते. रुंद टायर हवा असेल तर हिशेब एकच : बाहेरचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. १६५/८० आर१४ टायरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास येतो, १८५/६५ आर१५चा ६२१.५च्या आसपास. म्हणून एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या आवृत्तीला कंपनी हे दोन वेगळे टायर देऊ शकते. फरक ३ टक्क्यांच्या पुढे गेला की स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद फसते, एबीएसचेही अंदाज बिघडतात. टायरवरचा भारांक मूळपेक्षा कमी असता कामा नये. नवे अलॉय व्हील बसवल्यावर नट हवेच्या बंदुकीने करकचून आवळून घेणे ही इथली सर्रास चूक आहे. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळायचे असतात, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे.

काही कामांत निवड मालकाच्या हातात राहतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकातल्या, म्हणजे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. कायद्याच्याच स्पष्टीकरणात बदल म्हणजे गाडीचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला फेरफार असे म्हटले आहे, त्यामुळे सीट कव्हर किंवा डॅशकॅम या कक्षेत येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा पुन्हा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दंड गाडीमालकाला होतो. भाग घरी बसवला, दुकानात बसवला की डीलरने बसवून दिला, याने त्यात फरक पडत नाही.

काचेवरच्या काळ्या फिल्मचेही असेच. काच कारखान्यातून येतानाच पुढची-मागची ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के प्रकाश सोडणारी असावी असा १९८९च्या नियमावलीचा दंडक आहे, आणि एप्रिल २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून कोणतीही फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले. टक्कर झाली की बंपरच्या आत चुरगळायला ठेवलेली जागा बुलबारमुळे निकामी होते, धक्का थेट सांगाड्याला जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरला टकरीचा अंदाज चुकीचा मिळतो. दुचाकीच्या फटफट करणाऱ्या सायलेन्सरबद्दल वेगळे सांगायला नको. जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगेवरून रोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. उलट दुचाकीचा सारी गार्ड, जो पुष्कळ तरुण विकत घेतल्या घेतल्या काढून टाकतात, तो नियमानेच आवश्यक आहे. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आवरण हवे, असे त्याच नियमावलीत म्हटले आहे.

सीएनजी किटबाबत तर घर हा पर्यायच नाही, आणि ओळखीचा मेकॅनिक हाही नाही. किट त्या गाडीच्या प्रकारासाठी मान्यताप्राप्त हवे. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६पासून काम करणारी एआरएआय ही प्रमुख. टाकीला मान्यता देणारी पेसो ही स्फोटक पदार्थांची संस्था, तिचे मुख्यालय नागपुरात. टाकीत वायू २०० बारच्या दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाबाने भरलेला असतो. म्हणून अधिकृत केंद्रात बसवणे, आरटीओकडे नोंदणी पुस्तकात इंधनाचा प्रकार बदलून घेणे आणि दर तीन वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करणे हे सगळे आले. चाचणीची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते, आणि जुनी गाडी घेताना डिकी उघडून ती वाचणारे फार थोडे. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही नेमलेल्या केंद्रातच बसते. तिचे कुलूपवजा रिव्हेट एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तसेच ते असायला हवे.

आता वॉरंटी. ‘बाहेर हात लावला की वॉरंटी संपली’ हे वाक्य शोरूममध्ये जितक्या सहज बोलले जाते तितके ते सरळ नाही. अमेरिकेत १९७५च्या एका केंद्रीय कायद्याने वॉरंटीसाठी ठरावीक कंपनीचेच भाग वापरण्याची अट घालणे बहुतेक बाबतींत अवैध ठरवले आहे. भारतात नेमका तसा कायदा नाही, पण ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे, हा मुख्य ठपका. त्याच आदेशात असेही म्हटले होते की ग्राहक बाहेरच्या गॅरेजकडे गेला एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. दंडावरची अपिले पुढे वरच्या न्यायमंचांकडे गेली. पण तत्त्व समजायला सोपे आहे. बाहेरून हॉर्न लावला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जायला काही कारण नाही. हॉर्नसाठी मूळ वायरिंग कापले आणि ते जळाले, तर त्या वायरिंगची मात्र जाते, आणि ते न्याय्यही आहे. अडचण व्यवहारातली आहे. गाडी सर्व्हिस सेंटरच्या रॅम्पवर, कापलेली वायर समोर आणि मालक काउंटरवर, अशा वेळी ‘या वायरीचा आणि त्या दोषाचा संबंध नाही’ हे सिद्ध करायला ग्राहकाकडे काहीच नसते. त्यामुळे वॉरंटीच्या काळात विजेचे काम कपलरवर भागत नसेल तर डीलरकडूनच करून घेणे शहाणपणाचे. मॅट, कव्हर, कॅरिअर, मोबाइल होल्डर यांना हा विचार लागू नाही.

डीलरच्या बाजूने मुख्य मुद्दा कारागिरीचा आहे असे समजले जाते. खरे तर तो कागदाचा आहे. ॲक्सेसरी बसवणारी मुले अनेक डीलरांकडे कंत्राटदाराची असतात, आणि तीच मुले संध्याकाळी बाहेरच्या दुकानात दिसली तरी आश्चर्य नको. फरक पडतो तो जॉब कार्डाने आणि पक्क्या बिलाने. बिलावर गाडीचा नंबर किंवा चासी नंबर, भागाचे नाव आणि मजुरी वेगळी लिहिलेली असेल तर काम बिघडल्यावर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९खाली सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. रस्त्यावरच्या फिटरने कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलेल्या आकड्यावर असे काही करता येत नाही. पक्के बिल देणारे, सहा महिन्यांनी पुन्हा येऊ देणारे दुकान मात्र या बाबतीत डीलरच्या बरोबरीला येते, आणि दरात त्याच्या पुष्कळ खाली.

डीलरकडून घ्यायचेच तर घाई टाळावी. गुढीपाडवा किंवा दसऱ्याला गाडी घरी आणायची असते, त्या आठवड्यात यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते. फिटरच्या हातात एका गाडीला अर्धा तास येतो आणि टचस्क्रीनमागचा कपलर नीट बसला का हे पाहायला कोणाला सवड नसते. मुहूर्ताला गाडी आणावी, विजेचे सामान पंधरवड्याने बसवून घ्यावे. दर तोच राहतो आणि काम निवांत होते. ‘बेसिक किट’ म्हणून बिलात परस्पर घातलेल्या वस्तू वेगळ्या काढायला सांगाव्यात. त्या किटमधल्या सुगंधी बाटलीचे आणि कापडी फडक्याचे दर वाचणे मनोरंजक असते.

विम्याचे कलम लोक विसरतात. बाहेरून बसवलेले विजेचे सामान पॉलिसीत आपोआप येत नाही. ते किमतीसह नोंदवून त्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता भरावा लागतो; पॉलिसीवर ही नोंद ‘आयएमटी २४’ या क्रमांकाने दिसते. सीएनजी किटसाठी अशीच ‘आयएमटी २५’ची नोंद असते. चाळीस हजारांची टचस्क्रीन चोरीला गेल्यावर हे कळून उपयोग नसतो. नोंदीसाठी बिल लागते, म्हणजे घरी बसवणाऱ्यानेही वस्तूचे बिल जपलेच पाहिजे.

घरी करायचे ठरले तर हत्यारे थोडकी पुरतात : १० मिलिमीटरचा पाना, दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, पॅनेल उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मल्टिमीटर आणि चांगली पक्कड. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने डोअर पॅड उचकटले की क्लिपा तुटतात आणि दरवाजा जन्मभर खडखडतो. विजेच्या कोणत्याही कामाआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडायचे आणि शेवटी तेच जोडायचे. क्रमाला कारण आहे : पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होते, निगेटिव्ह सोडताना टेकला तर काही होत नाही, कारण पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो. दुचाकीवर यूएसबी चार्जर लावणाऱ्यांनी तो थेट बॅटरीवर न घेता चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवर घ्यावा. थेट जोडलेला चार्जर रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत राहतो आणि गावाहून परतल्यावर गाडी सुरू होत नाही. प्लास्टिकमध्ये स्क्रू फिरवताना आधी उलटा फिरवून आटे जुळल्याचा ‘टक’ जाणवला की मगच आवळायचा. आटे गेले की तो भाग कधीच घट्ट बसत नाही. मुंबईतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रकाश, प्लग आणि शेजाऱ्यांची मर्जी या तिन्हींची टंचाई असते, तेव्हा काम दिवसा उरकेल एवढेच हाती घ्यावे. अर्धवट उघडलेला डॅशबोर्ड घेऊन सोमवारी सकाळी फिटरकडे जाणाऱ्याला दुप्पट मजुरी सांगितली जाते.

काम कोणीही केलेले असो, गाडी ताब्यात घेताना सगळे दिवे, दोन्ही इंडिकेटर, वायपर, पॉवर विंडो आणि हॉर्न एकेकदा चालवून पाहावेत, डॅशबोर्डवर नवा इशारा पेटलेला नाही ना हे पाहावे आणि उरलेले स्क्रू मागून घ्यावेत. उरलेले स्क्रू म्हणजे कुठेतरी न लावलेले स्क्रू. काढलेले मूळ भागही फिटरकडे सोडू नयेत. मूळ म्युझिक सिस्टम, मूळ चाके, मूळ बल्ब खोक्यात घालून माळ्यावर टाकावे. चार-पाच वर्षांनी गाडी विकायला निघते तेव्हा बाहेरच्या सामानाचे पैसे सहसा कोणी देत नाही. ते काढून पुढच्या गाडीला लावता येते आणि जुन्या गाडीला मूळचे सामान परत चढवता येते. भोके पाडलेला बंपर मात्र तसाच नव्या मालकाकडे जातो.